आरएक्स-७ एफडी घेताय? मीटर राहू द्या, आधी कॉम्प्रेशनचा कागद बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही टोकियोत निशी-कासाईला राहता, शाळेपासून माझदा आरएक्स-७ चं वेड आहे, आणि आता १९९६ सालची एक एफडी, म्हणजे आरएक्स-७ ची तिसरी पिढी, समोर आली आहे. मॅन्युअल गिअर, मीटरवर ६८,००० किलोमीटर, लिलावाच्या कागदावर ग्रेड ४, आतली बाजू बी, किंमत ५५ लाख येन. सायलेन्सर बदललेला, एक्झॉस्टमधला पुढचा कॅटॅलिटिक, म्हणजे धूर साफ करणारा डबा, काढून सरळ पाइप टाकलेला. विक्रेता म्हणतो, इंजिन एकदम फर्स्टक्लास. घ्यावी का, आणि पुढेमागे पुण्याला नेता येईल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते छोटं आहे. नाही. भारतात वापरलेली गाडी आयात करायची तर ती बनल्यापासून तीन वर्षांच्या आतली लागते, आणि वर ड्यूटी डोळे पांढरे करणारी. तीस वर्षांची एफडी त्या दारातून आत शिरत नाही. कार्नेवर, म्हणजे गाडी परत नेण्याच्या हमीच्या कागदावर, तात्पुरती नेता येते, पण मुदत संपली की बोटीत घालून परत. तेव्हा ही गाडी जपानात चालवायची आणि जपानातच विकायची, असं मनाशी धरूनच पुढचं वाचा.

मी मूळचा कोल्हापूरचा. उद्यमनगरात मामाच्या वर्कशॉपमध्ये रिंग-पिस्टन बदलत हात काळे केले, आणि गेली अठरा वर्षं नागोयाजवळ जुन्या गाड्या तपासून परदेशी पाठवायचं काम करतो. रोटरी इंजिन खोलायला इथल्या एका वयस्कर मिस्त्रींकडे शिकलो. ते पहिल्याच दिवशी म्हणाले होते, पिस्टनबद्दल जे ठाऊक आहे ते दाराबाहेर चपलेशेजारी ठेवून आत ये. तुम्हालाही तेच करावं लागेल. कारण साध्या गाडीला लावतो तो हिशोब, म्हणजे रनिंग कमी म्हणून गाडी चांगली, एफडीला लावला की माणूस फसतो.

पिस्टनच्या इंजिनात गोल सिलिंडरात गोल रिंग असते. एफडीच्या १३बी-आरईडब्ल्यू इंजिनात सिलिंडरच नाही. भुईमुगाच्या शेंगेसारखं मध्ये किंचित दबलेलं एक घर, आणि त्यात फिरणारा फुगीर तिकोनी रोटर. असे दोन रोटर, प्रत्येकी ६५४ सीसी, मिळून १३०८. रोटरची तिन्ही टोकं सतत घराच्या भिंतीला घासत असतात आणि प्रत्येक टोकावर जेमतेम २ मिलिमीटर जाडीची एक पट्टी बसवलेली असते. हे अपेक्स सील. पिस्टनला वरून खाली दोन कॉम्प्रेशन रिंगा असतात, एक हरली तर दुसरी थोडं सांभाळून घेते. इथे दोन कप्प्यांच्या मधे ही एकच पट्टी. ती गेली की तिच्या दोन्ही बाजूंचे कप्पे गेले.

ही पट्टी जपानी लोकांच्या जिवावर उठली होती. हिरोशिमाच्या कंपनीने १९६१ साली जर्मनीच्या एनएसयूकडून रोटरीचा परवाना घेतला. तेव्हा तिचं नाव तोयो कोग्यो होतं. इंजिन काही तास चाललं की घराच्या आतल्या चकचकीत भिंतीवर लाटांसारखे ओरखडे उमटायचे. सैतानाची नखं म्हणायचे त्यांना. केनिची यामामोतो यांच्या हाताखाली ४७ जणांची तुकडी यावर बसली. सील भिंतीवर घसरताना थरथरतं, आणि ते थरथरणं बदलण्यासाठी सीलचा पदार्थ आणि घडण दोन्ही बदलायला हवी, हे त्यांनी शोधून काढलं. १९६७ ला कॉस्मो स्पोर्ट रस्त्यावर आली. पुढे २४ वर्षांनी, जून १९९१ मध्ये, चार रोटरच्या ७८७बी ने ल मॉंची २४ तासांची शर्यत मारली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस एफडी बाजारात आली. (माझदा जिंकली म्हणून रोटरीवर बंदी घातली, ही कहाणी तुम्हाला जो तो सांगेल. इंजिनाचे नियम बदलायचं त्या शर्यतीच्या आधीच ठरलं होतं. पण गोष्ट म्हणून झकास आहे, चालू द्या.)

आता तुमच्या गाडीकडे. लिलावाचा कागद मी रोज वाचतो, त्यामुळे त्याच्याबद्दल आदर आहे आणि त्याची हद्दही ठाऊक आहे. ग्रेड ४ म्हणजे पत्रा बरा, अपघाताने सांगाडा दुरुस्त केलेला नाही. तसं असतं तर आकड्याच्या जागी आर आला असता. गाडीच्या चित्रावर ए म्हणजे ओरखडा, यू म्हणजे पोचा, डब्ल्यू म्हणजे डेंटिंग-पेंटिंग झालेलं, एस म्हणजे गंज. हे सगळं तपासणारा माणूस एका गाडीला मोजकी मिनिटं देतो. तो इंजिन चालू करतो, आवाज ऐकतो, धूर बघतो आणि पुढच्या गाडीकडे वळतो. कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिन आतली हवा किती जोराने दाबतं, ते मोजत नाही. म्हणजे एफडीच्या बाबतीत सगळ्यात महागडी गोष्ट त्या कागदावर नसतेच. ‘इंजिन उत्तम’ हे विक्रेत्याचं वाक्य आहे, मोजमाप नव्हे.

मोजमाप असं करतात. रोटरीसाठी वेगळा टेस्टर येतो. साधा पिस्टनवाला गेज लावला तर तो तीन कप्प्यांतला सगळ्यात मोठा आकडा धरून बसतो आणि मेलेला कप्पा लपून जातो. योग्य टेस्टर दोन्ही रोटरच्या तिन्ही बाजूंचे असे सहा आकडे छापून देतो, आणि सेल्फ मारताना इंजिन किती फेऱ्यांनी फिरत होतं तेही सांगतो. कारण बॅटरी जोरात असेल तर आकडे फुगतात. म्हणून सगळे आकडे मिनिटाला २५० फेऱ्यांवर आणून वाचायचे. आकडे किलो प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये असतात. ८ च्या वर असतील तर इंजिन तरतरीत. ७ च्या आसपास असेल तर चालवा, पण पैसे बाजूला टाकायला लागा. ६ च्या खाली आलं की ते इंजिन उघडायचंच आहे, केव्हा एवढाच प्रश्न. आणि नुसता आकडा बघू नका, सहांमधला फरक बघा. सगळे ७.२ असलेलं इंजिन मला चालेल. पाच आकडे ८.५ आणि एक ६.५ असेल तर नको, कारण तिथे एखादं सील अडकलंय किंवा त्याचा कोपरा उडालाय. दीडपेक्षा जास्त फरक दिसला की मी कागद घडी करून परत देतो.

मोजणी गरम इंजिनावर, आणि तुमच्या डोळ्यांसमोर. प्लगच्या भोकातून चमचाभर तेल ओतलं की फटी भरतात आणि आकडे थोडा वेळ तरुण होतात. ही लबाडी मी पाहिली आहे. आधी दहा-पंधरा मिनिटं गाडी चालवून आणायला सांगा, म्हणजे ओतलेलं तेल धुरातून निघून जाईल.

टेस्टर नसेल तर उद्यमनगरची पद्धत. इंजिनाचा फ्यूज काढायचा, एका रोटरचा एक प्लग काढायचा, दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगायचं आणि कान लावायचा. फुस-फुस-फुस असा भात्याचा सारखा ठेका यायला हवा. तीनातला एक फुसका आला, लेझीमच्या रांगेत एकाचं पाऊल चुकावं तसा, तर एक बाजू गेली. यातून आकडा कळत नाही, पण मेलेलं इंजिन नक्की कळतं. आणखी एक फुकटची परीक्षा: गाडी वीसेक मिनिटं नीट पळवा, बंद करा, दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा सेल्फ मारा. थंड असताना झटकन चालू होणारी थकलेली रोटरी गरम झाल्यावर हमखास रडते. विक्रेता तुम्हाला नेहमी थंड गाडी चालू करून दाखवेल.

कमी रनिंगचा मोह मला स्वतःला नडलेला आहे. माझी पहिली एफडी पांढरी होती, मीटर ४१,०००, आणि मीटर खरं होतं. गाडी सहा वर्षं शेडमध्ये उभी होती, हे मी कौतुकाने सगळ्यांना सांगत होतो. कॉम्प्रेशन झक्क. तिसऱ्या आठवड्यात सकाळी सेल्फ मारल्यावर पांढरा धूर, आणि कूलंट दर दोन दिवसांनी कमी. रोटरीचं इंजिन हे थरावर थर रचलेलं असतं, लोखंडी प्लेट, मग ॲल्युमिनियमचं घर, पुन्हा प्लेट, असे पाच थर लांब बोल्टांनी आवळलेले. लोखंड आणि ॲल्युमिनियम सारखे फुगत नाहीत. मधली कूलंटची गळती रबराच्या बारीक रिंगा अडवतात. सहा वर्षं न हललेल्या गाडीत त्या रिंगा वाळून कडक झाल्या होत्या. सील ठणठणीत, रबर मेलेलं, आणि त्यासाठी अख्खं इंजिन खाली. तेव्हापासून मी थंड गाडीच्या रेडिएटरचं झाकण उघडून, इंजिन चालू करून बुडबुडे येतात का ते बघतो. एखाद-दुसरा येतो, हवा असते. सतत येत राहिले तर निघा. बॉनेटखाली कूलंटमधली हवा वेगळी करणारी प्लॅस्टिकची एक छोटी टाकी असते, तिच्यावरही नजर टाका. ती मूळची असेल तर तडकण्याच्या वाटेवरच असते. ॲल्युमिनियमची बसवलेली असेल तर आधीचा मालक शहाणा होता असं समजायला हरकत नाही.

आता तुमच्या गाडीतला मला न आवडलेला भाग: तो सरळ पाइप. एफडीत दोन टर्बो पाळीपाळीने काम करतात. पहिला खालच्या फेऱ्यांपासून, दुसरा साधारण साडेचार हजाराला येऊन मिळतो. बूस्टच्या, म्हणजे टर्बोने भरलेल्या हवेच्या दाबाच्या काट्यावर हे स्पष्ट दिसतं: ०.७ बारच्या आसपास चढतो, दुसरा टर्बो जोडला जाताना ०.५५ पर्यंत किंचित बसतो, पुन्हा ०.७. हा खेळ चालवायला बॉनेटखाली व्हॅक्यूमच्या नळ्यांचं आणि सोलेनॉइडचं जे जाळं आहे ते बघून नवा मिस्त्री घरी जातो. उंदराचं घरटं म्हणतात त्याला. इंजिनाच्या उष्णतेने त्या नळ्या मॅकरोनीसारख्या कडक होतात, एक तडकली की दुसरा टर्बो एकतर येतच नाही, किंवा धक्का मारत येतो. नळ्या सगळ्या सिलिकॉनच्या करून घेणं हे कंटाळवाणं काम आहे, पण ते होतं.

सरळ पाइपचं दुखणं वेगळं. पुढचा कॅटॅलिटिक काढला की एक्झॉस्ट मोकळा होतो, बॉनेटखालची धग कमी होते, इथवर चांगलं. पण मग बूस्ट ठरलेल्या आकड्यावर थांबत नाही, रेटत वर चढतो. जादा धूर टर्बोला बगल देऊन बाहेर सोडणारी झडप मुळात लहान आहे. त्यात सायलेन्सरही मोकळा. हवा वाढली, पण कारखान्याचा संगणक पेट्रोल जुन्या हिशोबाने देतोय. मिश्रण कोरडं पडलं, म्हणजे पेट्रोल कमी पडलं, की नॉकिंग, म्हणजे मिश्रणाचा अवेळी भडका. पिस्टनचं इंजिन थोडं नॉकिंग सोसून तुम्हाला इशारा देतं. रोटरी एका खटक्यात अपेक्स सील तोडते, आणि तुटलेला तुकडा बाहेर जाताना टर्बोची पातीही घेऊन जातो. म्हणून विचारा: पाइप कधी टाकला, त्यासोबत संगणक नव्याने लावला का, कोणी लावला, पावती आहे का. मूळ कॅटॅलिटिक डिकीत ठेवलेला आहे का? शाकेन, म्हणजे इथल्या सक्तीच्या ठरावीक मुदतीच्या तपासणीच्या वेळी तो आठवणारच आहे, आणि जमा ठेवलेले मूळ भाग हे माझ्या अनुभवात प्रामाणिक मालकाचं सगळ्यात मोठं लक्षण आहे.

इथे माझं एक मत सांगतो, बरेच विक्रेते त्यावर नाक मुरडतात. संग्रह म्हणून एफडी घ्यायची असेल तर इंजिन मेलेली पण कोणी हात न लावलेली गाडी ही इंजिन दणकट असलेल्या पण कापाकापी केलेल्या गाडीपेक्षा बरी. इंजिन पुन्हा बांधता येतं. सील, रबर, बेअरिंगा मिळतात, माझदाने एफडीचे काही बंद पडलेले भाग पुन्हा बनवायलाही घेतले आहेत. पण रुंद फेंडरसाठी कापलेला मागचा पत्रा, फेकून दिलेली मूळ सीट, भोकं पाडलेला डॅशबोर्ड हे परत येत नाही. आतलं प्लॅस्टिक तर इतकं ठिसूळ की सरळ काढतानाही तुकडे होतात. इंजिन हा या गाडीत टायरसारखा झिजणारा भाग धरा, फक्त महागडा टायर. कॉम्प्रेशनचा कागद नसेल तर मी सरळ दहा ते पंधरा लाख येन इंजिनाचे म्हणून किमतीतून वजा करतो आणि मग बोलायला बसतो.

साल म्हणून १९९६ वाईट नाही. सुरुवातीची गाडी २५५ अश्वशक्तीची. ९६ ला १६ बिटचा संगणक आला, नळ्यांचं जाळं थोडं सोपं झालं आणि मॅन्युअलची शक्ती २६५ झाली. मागचे तीन गोल दिवेही तेव्हाचेच. १९९९ ला पुढच्या बंपरची तोंडं मोठी झाली, वरच्या मॉडेलांत टर्बो सुधारले आणि आकडा २८० ला पोचला. जपानी कंपन्यांनी आपसात ठरवलेली हद्दच ती होती. शेवटची स्पिरिट आर २००२ ची, १५०० गाड्या. दोन सीटांच्या टाइप ए ची तेव्हाची किंमत ३९ लाख ९८ हजार येन. आज चांगली मिळाली तर कोटीच्या पुढे मोजावे लागतात, आणि अमेरिकेत २५ वर्षं पुरी झाल्याशिवाय अशी गाडी नेता येत नसल्याने २०२७ ची वाट बघणारे तिथले गिऱ्हाईक आताच रांगेत आहेत. तुमच्या सालाची गाडी तिकडे केव्हाच मोकळी झाली आहे, म्हणून विक्रेता तुम्हाला ‘अमेरिकेचा माणूस उद्या येतोय’ असं म्हणेल. येऊ द्या त्याला.

चालवून बघताना पाचवा गिअर जरा घाईने टाका, कर्र आवाज आला तर गिअर जुळवणारा सिंक्रो गेलाय. खड्ड्यातून हळू जाताना मागून खटखट आली तर सस्पेन्शनचे सांधे आहेत, त्यात घाबरण्यासारखं नाही. गाडी होक्काइडो किंवा निइगाताकडची असेल तर खाली झोपून बघा, बर्फावर टाकतात ते मीठ लिलावाच्या फोटोत दिसत नाही. मीटरसाठी शाकेनच्या नोंदींचा कागद मागा. त्यावर मागच्या तपासणीच्या वेळचे किलोमीटर लिहिलेले असतात.

टोकियोत ठेवायचं म्हणाल तर पार्किंगचा दाखला आधी, नोंदणी नंतर. तुमच्या इमारतीत यांत्रिक पार्किंग असेल तर एफडी त्या ताटात बसते का ते मोजून बघा, खाली उतरवलेली असेल तर पोट घासेल. टॅक्समध्ये रोटरीला एक गंमत आहे: १३०८ सीसीला दीडने गुणतात, म्हणजे १९६२, म्हणून कर दोन लिटरच्या गाडीचा. वर तेरा वर्षं उलटलेली असल्याने सुमारे १५ टक्के जास्त, सगळे मिळून वर्षाला ४५,४०० येन. पेट्रोल फक्त हाय-ऑक्टेन, आणि शहरात लिटरला सहा-सात किलोमीटर मिळाले तर देवाला नारळ फोडा. इंजिन तेल खातं म्हणून दचकू नका. सील ओलं राहावं यासाठी एक पंप मुद्दाम थेंब-थेंब तेल आत सोडतो. ते खायचं बंद झालं तर मात्र दचका. तेल ५,००० किलोमीटरच्या आत बदला. आणि चोरी: या गाड्यांवर टोळ्यांचा डोळा आहे, आमच्या नागोयाच्या आइची प्रांतात तर फारच. उघड्यावर उभी करणार असाल तर घेऊच नका.

एक सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या. गाडी धुवायला तीन फूट मागे घ्यायची म्हणून चालू केली आणि लगेच बंद केली, असं कधी करू नका. इंजिन थंड असताना जादा पेट्रोल पडलेलं असतं, ते सीलवरचं तेल धुऊन टाकतं आणि मग गाडी चालूच होत नाही. चालू केली तर गरम होऊ द्या, नाहीतर न्यूट्रलमध्ये ढकला. १३०० किलोच्या आतलीच आहे, दोघांत हलते.

तर तुमच्या या गाडीचं. ५५ लाख मी आज देणार नाही, आणि नाहीही म्हणणार नाही. विक्रेत्याला सांगा, कॉम्प्रेशन मोजून द्या, पैसे मी भरतो, गाडीच्या किमतीपुढे किरकोळ काम आहे. तो तयार झाला तर त्या दिवशी स्वतः उभे राहा. टाळाटाळ करू लागला तर चाळीसच्या वर जाऊ नका, आणि मूळ कॅटॅलिटिक नसेल तर तेवढेही नको. सहा आकडे आणि सेल्फच्या फेऱ्या, दोन्हीचा फोटो मला पाठवा, मग पुढचं बोलू.